पांढरी दोन दाबून धरा

"काय बेसूर गातेय ही!" असं तुम्ही शेवटचं कोणाला म्हणालात? आणि म्हणण्याआधी तिचा 'सा' कुठे आहे, एवढं तरी तिला विचारलं होतंत का?

नसणार. कोणीच विचारत नाही. डॉक्टर औषध देण्याआधी कुठे दुखतं ते विचारतो, रिक्षावाला मीटर नसलेल्या रिक्षात बसवतानाही कुठे जायचंय ते विचारतो. गाणाऱ्या बाईला मात्र कोणी काही विचारत नाही. सरळ निकाल देतात.

दिवाळीच्या अंकात अशी अंगावर येणारी सुरुवात शोभत नाही, हे मला माहीत आहे. पण माझं शिक्षण पत्रकांवर झालंय. माझे वडील, आमचे अण्णा, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर होते. सुटीच्या दिवशी ते कामगारांची पत्रकं लिहायचे आणि प्रुफं घरी यायची. मी अक्षरं गिरवली ती त्या प्रुफांच्या पाठीवर. माझा 'ब' बदकाचा नव्हता, बोनसचा होता. नावही क्रांती ठेवलं, त्यामुळे सुरतेत सगळे मला 'क्रांतीबेन' म्हणतात आणि त्यातला स्फोटक भाग 'बेन'मध्ये विझून जातो. अण्णांचे नियम साधे होते. पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत मागणी, मधे पुरावे. शिव्या सुचल्या तर समासात लिहायच्या आणि छापण्याआधी समास कापायचा. मी समास कापूनच हा लेख पाठवतेय.

माझा धंदा काय, ते सांगते. उधन्यात माझा पेटी आणि कीबोर्डचा क्लास आहे. शिवाय लग्नं, भजनं, साखरपुडे, डोहाळजेवणं, जिथे बोलावतील तिथे मी साथीला जाते. म्हणजे गाणारा पुढे चालतो आणि मी त्याच्या मागून सतरंजी अंथरत जाते. गाणं रंगलं तर गाणाऱ्याचं, फसलं तर कीबोर्डवालीचं. संघटनेच्या भाषेत सांगायचं तर या धंद्यात जोखीम पूर्ण आणि श्रेय कंत्राटी.

गिऱ्हाइकं मात्र एकेक अशी की पुरावे गोळा करायला कुठे जावं लागत नाही. प्रवीणभाई साड्यांचे व्यापारी. साठीला टेकल्यावर त्यांना भजन गावंसं वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली, "क्रांतीबेन, मने धोळां बटन पर ज शीखवजो. काळां मने नहीं फावे." पांढऱ्याच पट्ट्या शिकवा, काळ्या मला जमायच्या नाहीत. जसं काही काळ्या पट्ट्या म्हणजे रस्त्यातले खड्डे. मी समजावत होते, तोवर त्यांनी कीबोर्डवरचं प्लस-मायनसचं बटन शोधून काढलं. ते दाबलं की सगळी पट्टी वरखाली सरकते, बोटं पांढऱ्यावरच राहतात. माझ्या पाच वर्षांच्या रियाजाचं उत्तर त्यांनी एका बोटात दिलं आणि चहा मागवला.

मग मीही ठरवलं, पांढऱ्या तर पांढऱ्या. म्हटलं, "प्रवीणभाई, आजवर तुम्ही पांढरी एकपासून निघून वर जात होता आणि परत तिथेच येत होता. आता दुसरीपासून निघा आणि दुसरीवरच परत या. काळीला हात लावू नका." त्यांनी वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं. मग कीबोर्ड उचलून खालून बघत म्हणाले, "आ तो उदास थई गयुं. बटन बगड्युं के शुं?"

बटन बिघडलं नव्हतं. घर बदललं होतं.

पुस्तकात याला मूर्च्छना म्हणतात. परीक्षेला याची व्याख्या येते, मुलं पाठ करतात, मार्क मिळतात आणि पुढे आयुष्यभर त्या व्याख्येचा उपयोग सेवानिवृत्त पुढाऱ्याच्या घोषणांइतकाच होतो. म्हणून मी क्लासमध्ये चाळ सांगते. सात खोल्यांची चाळ समजा. खोल्या म्हणजे पांढऱ्या पट्ट्या. बहुतेक खोल्यांच्या मधे एकेक बोळ आहे, ती काळी पट्टी. पण दोन ठिकाणी बोळ नाही, भिंतीला भिंत आहे. तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मधे, आणि सातवी संपून पुढची ओळ सुरू होते तिथे. आता तुम्ही पहिल्या खोलीत राहत असाल, तर भिंतीला भिंत तुम्हाला बरंच पुढे गेल्यावर लागते. मोकळं वाटतं. हा बिलावल थाट, बहुतेक लोकांना तेवढंच सुरात वाटतं. दुसऱ्या खोलीत राहत असाल, तर शेजारच्या खोलीनंतर लगेच भिंतीला भिंत. तिथून निघालं की काफी थाट. चाळ तीच, एक वीट इकडची तिकडे नाही. राहणारा कुठल्या खोलीत राहतो, एवढ्यावर त्याचं जग ठरतं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे तर आम्ही मिलच्या गेटवर कायम सांगत होतो."

घर दाखवायचं काम डाव्या हाताचं. उजवा हात सूर वाजवतो, डावा हात एक पट्टी धरून ठेवतो आणि ऐकणाऱ्याला सांगत राहतो, बाबांनो, आपण इथे राहतो. एकदा लिंबायतच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत मी कंटाळून एकच चाल घोळवत होते. पांढरी एक धरलेलं डाव्या हाताचं बोट सहाव्या पट्टीवर सरकवलं. उजव्या हाताने काहीही बदललं नाही. थोड्या वेळाने नवऱ्या मुलीची आत्या डोळे पुसत आली. "बाई, पाठवणीला अजून वेळ आहे, आत्ताच कशाला रडवता? जिलबी घशाखाली उतरेना." मी बोट परत पहिल्या जागी ठेवलं. आत्याबाई जिलबीकडे परतल्या. एका बोटाची एवढी ताकद, आणि ते बोट कुठे ठेवायचं हे लोक यंत्रावर सोपवतात.

आता मुख्य खटला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. तिच्यासाठी रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू दळायचे, नारळाला दागिने घालून मांडायचं, बायांनी अहिराणी गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी मिरवणुकीने तिला नदीवर न्यायचं. उधन्यातून निघालेली मिरवणूक पाहून एखाद्याला वाटावं की सुरत हे धुळ्याचं उपनगर आहे. या मिरवणुकीत सर्वात पुढे गात चालायचा मान आमच्या गल्लीत कमलमावशीचा. मावशी सख्खी नाही, शेजारची. दिवसभर घरी साड्यांना लेस-टिकल्या लावते आणि तोंडाने गल्लीचा कारभार पाहते. नम्रपणा तिच्या वाट्याला आलेला नाही. "मन्हा आवाज लाउडस्पीकरले लाजाडस," माझा आवाज लाउडस्पीकरला लाजवतो, असं ती स्वतःच सांगते.

गेल्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष नानाभाऊ यांनी ठरवलं की आपल्या बायांची गाणी स्टुडिओत रेकॉर्ड करायची आणि मिरवणुकीत टेम्पोवर ट्रॅक लावायचा. नानाभाऊ वाईट माणूस नाही. दुसऱ्याच्या लूम चालवत वर आले, आता चार लूम स्वतःच्या आहेत. शेजारच्या सोसायटीने गेल्या वेळी मोठा साउंड आणला होता, तो त्यांच्या मनाला लागला होता. "आपल्या बायांचा आवाज असा दणदणीत वाजला पाहिजे की पार तापीपर्यंत कळलं पाहिजे," म्हणाले. हेतू उत्तम. अण्णा म्हणतात, मालकाच्या प्रत्येक नोटिशीतला पहिला परिच्छेद उत्तमच असतो.

कीबोर्डवर मी. स्टुडिओ जिग्नेशभाईंचा. जुन्या लूमच्या खोलीत अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून केलेला, आणि पलीकडच्या खोलीत लूम चालूच. जिग्नेशभाईंनी सात-आठ बायांना माइकसमोर उभं केलं, ट्यूनिंग फिरवून मावशीचा आवाज पांढऱ्या पट्ट्यांवर बसवला आणि खूश झाले. सगळे सूर पांढरे! त्यांनी कॉम्प्युटरमधला ठेका सुरू केला, खाली तयार साथ लावली. यंत्राला पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की ते गृहीत धरतं, घर पहिल्या खोलीत. विचारत नाही. यंत्राने पांढरी एकची साथ धरली.

मावशी गायला लागली. कानबाईला वाटेतली घरं दाखवत नेणारं जुनं गाणं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी बाया येऊन पांढरी दोनवर थांबतात, कारण गाण्याचं घर तिथे आहे. पण खाली यंत्र पहिली पट्टी घुमवत बसलेलं. त्यामुळे बाया घरी पोहोचल्या तरी ऐकणाऱ्याला वाटे, या जिन्यातच उभ्या आहेत.

"बेन, छेल्लो सूर अधूरो लागे छे," जिग्नेशभाई म्हणाले. शेवटचा सूर अर्धवट वाटतोय. "एमने कहो, एक सूर नीचे उतरी जाय."

मी म्हटलं, "त्यांनी कशाला उतरायचं? तुम्ही वर या."

त्यांनी मला पडदा दाखवला. सूर बरोबर असला की तिथे हिरवी रेघ येते, चुकला की लाल. "जुओ, बधुं लीलुं छे. एक पण सूर खोटो नथी." सगळं हिरवं, एकही सूर चुकलेला नाही.

हेच तर! एकही सूर चुकलेला नाही आणि गाणं साफ चुकलेलं. पंचनाम्यात सगळं जागेवर आणि घरात घरमालकच नाही. मी जिग्नेशभाईंना चाळ सांगायला लागले. सात खोल्या, बोळ, भिंतीला भिंत. चौथ्या खोलीपर्यंत पोहोचले असेन, तर मागून मावशी कडाडली,

"इतलं लंबं कसाले सांगस वं माय? त्याले सांग, ते शेजारनं दार शे. तठे चपला काढू नको!"

ते शेजारचं दार आहे, तिथे चपला काढू नकोस. मी पुस्तकं चाळून, रात्रंदिवस डोकं चालवून जे उदाहरण घडवलं होतं, त्याचं तिने एका वाक्यात पत्रक केलं. आणि तेही समास कापलेलं.

जिग्नेशभाई हसले, बायांना चहा पाजला, दोन-तीन वेळा गाऊन घेतलं आणि सगळ्या गेल्यावर कॉम्प्युटरवर प्रत्येक कडव्याचा शेवटचा सूर बोटाने ओढून पहिल्या पट्टीवर आणून ठेवला. "हवे घर आवी गयुं," म्हणाले. आता घर आलं. सात-आठ बायांना त्यांच्या दारातून उचलून शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवायला त्यांना चहाचा कप थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

ट्रॅक सगळ्यांच्या मोबाइलवर आला. नानाभाऊंना तो फार आवडला. मावशीने कानाशी धरून ऐकला, पुन्हा ऐकला आणि म्हणाली, "आवाज मन्हा शे. गानं मन्हं नही." मग नानाभाऊंकडे गेली. मीही गेले.

"भाऊ, सोमवारले आम्ही गानूत. बाजा बंद ठेवा." आम्ही गाऊ, ट्रॅक बंद ठेवा.

"अहो वहिनी, बाजात तुम्हीच तर आहात!" नानाभाऊ म्हणाले. "तुम्हाला त्रास नको म्हणून तर केलं. तुम्ही नुसतं चाला, हात जोडा, फुगडी खेळा. दरवर्षी घसा बसतो तुमचा."

"घसा मन्हा शे," मावशी म्हणाली.

मी थाट, मूर्च्छना, काफी असं सगळं सांगितलं. नानाभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बेटा, जिग्नेशभाईने मला ते हिरवं दाखवलं. सगळं हिरवं आहे. आता काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

मुद्दा इतकाच उरला होता. सोमवारी मिरवणुकीच्या पुढे बाया गाणार, की स्वतःच्याच दुरुस्त केलेल्या आवाजामागे मुकाट चालणार? आणि एकदा मुकाट चाललं की पुढच्या वर्षी कोणी विचारणारही नाही. आमच्या गल्लीतल्या पोरी तसंही आपसात गुजराती नाहीतर हिंदी बोलतात. त्या गाणं शिकणार तर ट्रॅकवरून शिकणार, आणि मग शेजाऱ्याचं दार हेच त्यांचं घर.

माझ्यासारखी बाई अशा वेळी काय करते? पत्रक काढते. मथळा होता: 'आपल्या गाण्याचं घर कोणी बदललं?' खाली पुरावे. बिलावल, काफी, सात पट्ट्यांचं चित्र, यंत्राची मनमानी, सांस्कृतिक विस्थापन. प्रूफ अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं,

"यान्हामा दुश्मन कोन शे?"

"दुश्मन नाही अण्णा, पद्धत आहे."

"अन् मागनी?"

मागणी शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी 'यावर व्यापक विचारमंथन व्हावे' अशी पडून होती. अण्णांनी प्रूफ परत दिलं. "हाई पत्रक नही. हाई निबंध शे."

तरी मी ते छापलं आणि रविवारी चक्कीवर उभी राहिले. रोटाचे गहू दळायला सगळी गल्ली रांगेत होती. एवढा जमाव आयता कुठे मिळणार? एकाने पत्रक उलटसुलट बघून विचारलं, "ताई, पाण्याचं आहे का?" म्हटलं, "नाही, स्वरांचं." "मग पुढच्या वेळी पाण्याचं काढा. दोन दिवस आलं नाही." एक बाई आपुलकीने म्हणाली, "क्लासची जाहिरात का? माझ्या मुलीला घालायचंय." बाकीच्यांनी पत्रक पिठाच्या डब्याखाली ठेवलं. रोटाचं पीठ पवित्र, डबा जमिनीला टेकायला नको. माझ्या लेखनाला आजवर मिळालेली ही सर्वात पवित्र जागा.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. टेम्पोवर स्पीकरच्या भिंती, त्यांच्यामधे स्टुलावर, ट्रॅकला वरून भर घालायला, मी आणि माझा कीबोर्ड. ट्रॅक वाजायला लागला. बाया पुढे चालत होत्या. मावशीने ठरवल्याप्रमाणे तोंड उघडलं आणि ट्रॅकबरोबर गायला लागली. कडवं संपेपर्यंत सगळं जुळलं. शेवटी स्पीकर खाली उतरला, बाया वरच राहिल्या. दुसऱ्या कडव्याला निम्म्या बाया स्पीकरबरोबर उतरल्या, निम्म्या मावशीबरोबर थांबल्या. तिसऱ्याला सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जन्मभर म्हटलेलं गाणं आणि आपलं पाऊल कुठे ठेवायचं ते कळेना. कडेला उभा असलेला एकजण मित्राला म्हणाला, "ट्रॅक मस्त आहे, बायाच बेसूर आहेत."

मावशीने ऐकलं. ती थांबली. तिच्यामागे सगळ्या बाया थांबल्या, कानबाई थांबली, टेम्पो थांबला. ट्रॅक तेवढा चालू राहिला. मावशी वळून टेम्पोपाशी आली.

"नाना," ती म्हणाली. दीर म्हणून नेहमी 'भाऊ' म्हणणारी बाई 'नाना' म्हणाली. "तुन्ही कानबाई तू ली जाय. आम्ही घर जातस."

तुझी कानबाई तू ने, आम्ही घरी जातो. नानाभाऊंनी मागे पाहिलं. बायांनी खरंच चपलांची तोंडं फिरवली होती. बायांशिवाय कानबाई नेणारं मंडळ, ही बातमी शेजारच्या सोसायटीत किती वेगाने पोहोचेल याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. ते घाम पुसत म्हणाले, "बरं. त्या पुढच्या वळणापर्यंत तुम्ही गा. लोकांना नाही आवडलं, तर वळणापासून ट्रॅक. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. "तू काय बठनी? धर घर!"

मी ट्रॅक बंद केला. आता पांढरी दोन धरायची होती, अखंड. पण टेम्पो हलला की स्टूल सरकत होतं. एका हाताने दांडी धरली नाही तर मी थेट कानबाईच्या पायाशी गेले असते. उरलेला एक हात गाण्यामागे फिरायला हवा. जुने पेटीवाले अशा वेळी पट्टीच्या फटीत कागदाची घडी खोचतात आणि सूर धरून ठेवतात. मी पिशवीत हात घातला. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. एक ओढलं, घडीवर घडी घातली आणि पांढरी दोन खाली दाबून तिच्या शेजारच्या फटीत ठासून बसवलं. 'आपल्या गाण्याचं घर कोणी बदललं?' मधलं 'घर' तेवढं बाहेर दिसत होतं.

स्पीकरच्या सगळ्या भिंती एकाच सुरात घुमायला लागल्या. मावशीने डोळे मिटून तो क्षणभर ऐकला आणि उचललं. कडवं फिरत फिरत आलं, शेवटचा सूर आला, आणि बाया पांढरी दोनवर येऊन टेकल्या. काही अर्धवट नाही, काही लोंबकळत नाही. सगळ्या एकदम घरात. मघाचाच तो कडेचा माणूस म्हणाला, "आता बघ, सुरात आल्या!" बाया जिथे होत्या तिथेच होत्या.

दुसऱ्या कडव्याला मागच्या पुरुषांतून जाड आवाज आला. तो नानाभाऊंचा होता. त्यांना स्वतःलाही तो आपला आहे हे उशिरा कळलं असावं, कारण ते एकदम खोकले. पण कडव्याच्या शेवटी ते पुन्हा गायले, आणि थांबले ते बरोबर पांढरी दोनवर. स्टुडिओतलं ते सगळं हिरवं त्यांच्या गळ्याला कोणी दाखवलं नव्हतं.

वळण आलं आणि गेलं. ट्रॅकची आठवण कोणी काढली नाही. नदीवरून परतताना नानाभाऊ मला म्हणाले, "ट्रॅक पण चांगलाच होता हं. पण आज तू तुझ्या त्या मशिनीत काहीतरी वेगळं सेटिंग केलंस." मी हो म्हटलं. अध्यक्षांना एवढं तरी मिळायला हवं. मावशीचा घसा बसला होता, त्यामुळे गल्लीत चार दिवस अभूतपूर्व शांतता होती.

घरी अण्णांनी विचारलं, "पत्रक कोनी वाचं का?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "पण एकाने काम केलं."

तो चुरगळलेला कागद अजून कीबोर्डच्या पेटीत आहे. पण यंदा श्रावणात नानाभाऊंनी पुन्हा ट्रॅकची गोष्ट काढली होती. मावशीने हाणून पाडली, तरी पुढच्या वर्षीही निघेल. आणि ट्रॅक काही एकट्या उधन्यात बनत नाहीत. तुमच्या घरीही कोणी आई, आत्या, शेजारीण गात असेल आणि कोणीतरी भाचा मोबाइलवर साथ लावून तिला 'सुरात' आणत असेल.

म्हणून आता मागणी. या वेळी ती अण्णांना पसंत पडेल अशी, नेमकी लिहिते. त्या बाईला साथीशिवाय एक गाणं शेवटापर्यंत म्हणू द्या. ती शेवटी जिथे थांबते ती पट्टी शोधा. तिच्या फटीत कागदाची घडी दाबा, मग तिला पुन्हा गायला सांगा, आणि तोवर मत देऊ नका. कागद कुठलाही चालतो. हाताशी दुसरा नसेल तर हेच पान फाडा. संपादकांशी मी बोलेन.